बशीतले फुफ्फुस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुफ्फुसांच्या छोट्या प्रतिकृतींवर गेल्या अंकात टिपण आले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे देत आहोत. विद्यार्थ्यांची पत्रे बहुतेक अडलेल्या कामाबद्दल होती, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : बातम्यांत ‘मिनी फुफ्फुस’ असा शब्द येतो. ते खरोखर श्वास घेते का? उद्या रुग्णाला बसवता येईल का? (शिक्षिका, सातारा)

नाही, बसवता येणार नाही. शब्दामुळे गैरसमज होतो हे मात्र खरे. माणसाच्या दोन फुफ्फुसांत सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. एकेक साधारण ०.२ मिलिमीटरचा, आणि भोवती रक्तकेशिकांची जाळी. ज्याला ऑर्गनॉइड म्हणतात तो त्यातल्या एखाद्या वायुकोशाच्या किंवा श्वासनलिकेच्या अस्तराचा पोकळ गोळा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. जेलमध्ये रुतलेला असतो. त्याच्या पोकळीत हवा नसून द्रव असतो. त्याला रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही.

मग त्याचा उपयोग काय, तर त्यातल्या पेशी माणसाच्या असतात आणि बऱ्याच अंशी शरीरातल्यासारख्या वागतात. श्लेष्मा तयार करतात, सिलिया म्हणजे सूक्ष्म केस हलवतात, विषाणू घेतात, औषधाला प्रतिसाद देतात. उंदराच्या श्वासनलिकांची रचना आपल्याहून बरीच वेगळी असल्याने ही गोष्ट मोलाची आहे.

‘श्वास घेणारी’ प्रतिकृती वेगळी. ती चिप. हार्वर्डच्या वीस इन्स्टिट्यूटमध्ये डॅन ह्यू, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. सिलिकॉन रबराच्या तुकड्यात एकावर एक दोन वाहिन्या आणि मध्ये १० मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र पडदा. पडद्याच्या वर वायुकोशाच्या पेशी आणि हवा, खाली रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. दोन्ही कडेच्या पोकळ्यांतून हवा ओढली की पडदा ताणला जातो, सोडली की पूर्ववत होतो. मिनिटाला १२ वेळा, सुमारे १० टक्के ताण. याच चिपवर सिलिकाचे नॅनोकण सोडले तेव्हा स्थिर पडद्यापेक्षा हलत्या पडद्यावरच्या पेशींवर जास्त दुष्परिणाम दिसला. श्वासाची हालचाल कशाला हवी, याचे याहून चांगले उत्तर आमच्याकडे नाही.

प्रश्न : पीएचडीचे पहिले वर्ष. फुफ्फुसावर एका औषधाचा परिणाम पाहायचा आहे. मार्गदर्शक म्हणतात ‘ए५४९ ने सुरुवात कर’. ऑर्गनॉइड थेट का करू नयेत? आणि पेशी कुठून घ्याव्यात? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

मार्गदर्शकांचे बरोबर आहे, पण अर्धे. ए५४९ ही १९७२ मध्ये एका रुग्णाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगातून वेगळी केलेली पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशी. पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येते, वाढायला सोपी. हात बसवायला, मात्रा ठरवायला ती ठीक. पण या पेशी आपापसांत घट्ट सांधे धरत नाहीत. ‘औषध अस्तर ओलांडते का’ हा प्रश्न त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा हे ठरवा : तुमचे औषध कुठे काम करते? श्वासनलिकेत की वायुकोशात? श्वासनलिका असेल तर शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीचा निरोगी कडेचा भाग उत्तम. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती आधी, ऊती नंतर. ऊतीचे बारीक तुकडे करून कोलॅजिनेज (पेशी सुट्या करणारे विकर) १ ते २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर हलवत १ ते २ तास, मग १०० मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून जेलमध्ये. उट्रेक्टच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २०१९ मध्ये हीच पद्धत दिली. त्यांच्या मीडियामध्ये (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात) आर-स्पॉन्डिन, नॉगिन, एफजीएफ७ (मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅम), एफजीएफ१० (१०० नॅनोग्रॅम) आणि ए८३-०१ ही प्रमुख मंडळी. एक सावधगिरी : ऊती गाठीची असेल तर निरोगी श्वासनलिकेच्या पेशी कर्करोगाच्या पेशींना मागे टाकतात आणि महिनाभराने तुम्ही भलत्याच पेशी सांभाळत असता. जनुकीय तपासणी केल्याशिवाय ‘ट्यूमर ऑर्गनॉइड’ हे लेबल लावू नका.

वायुकोश हवा असेल तर त्याच्या ‘दुसऱ्या प्रकारच्या’ (टाइप २) पेशी लागतात, सरफॅक्टंट म्हणजे वायुकोश मिटू न देणारा स्राव बनवणाऱ्या. त्या प्रेरित मूळपेशींपासून (साध्या प्रौढ पेशींना मागे नेऊन केलेल्या मूळपेशींपासून) करता येतात. बॉस्टनच्या डॅरेल कॉटन यांच्या गटाची २०१७ ची पद्धत जगभर वापरतात. क्रम असा : अॅक्टिव्हिन-ए देऊन तीन-चार दिवसांत अंतःस्तर (गर्भातला ज्या थरातून फुफ्फुस, आतडे घडतात तो), मग दोन-तीन दिवस दोन अवरोधक, डॉर्सोमॉर्फिन २ मायक्रोमोलर आणि एसबी४३१५४२ १० मायक्रोमोलर, म्हणजे आद्य-आतड्याचा पुढचा भाग (अग्रआंत्र), त्यानंतर सीएचआयआर ३ मायक्रोमोलर, बीएमपी४ आणि रेटिनॉइक आम्ल, साधारण पंधराव्या दिवसापर्यंत. आता एनकेएक्स२-१ हे फुफ्फुसाची दिशा दाखवणारे जनुक चालू झालेल्या पेशी वेगळ्या काढायच्या. पेशीवरच्या खुणांपैकी सीडी४७ जास्त, सीडी२६ कमी, अशी निवड पेशी-छाननी यंत्रावर करतात. त्या जेलमध्ये, दर मायक्रोलिटरला सुमारे ४०० पेशी, आणि मीडियामध्ये सीएचआयआर, केजीएफ, डेक्सामेथासोन ५० नॅनोमोलर, सायक्लिक एएमपी आणि आयबीएमएक्स.

यातला पहिला टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. चौथ्या दिवशी सीएक्ससीआर४ आणि सी-किट या दोन्ही खुणा ९० टक्क्यांहून कमी पेशींवर दिसल्या तर ती प्लेट टाकून द्या. पुढे सुधारेल या आशेवर महागडी प्रथिने घालत राहणे, यात तीन आठवडे आणि खूप पैसा जातो. आणि मूळपेशींपासून केलेली फुफ्फुसे स्वभावाने गर्भातल्या फुफ्फुसाजवळची असतात, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नका. ऐंशी वर्षांच्या धूम्रपान करणाऱ्याच्या फुफ्फुसाबद्दल त्यांवरून विधान करता येत नाही.

प्रश्न : जेलचे थेंब पसरतात, काही सुटून तरंगतात. ज्या थेंबांत वाढ होते तिथेही अर्ध्या पेशी तळाला चिकटून सपाट पसरतात. मोठे गोळे मधून काळे पडतात. सहा महिने झाले. (एमएस्सी जैवतंत्रज्ञान, नाशिक)

चार तक्रारी, चार कारणे. एकेक घेऊ, कारण यातच बहुतेक प्रयोगशाळांचे पहिले वर्ष जाते.

हे जेल बहुधा मॅट्रिजेल असते, ते उंदराच्या एका गाठीतून काढतात. थंड असताना पातळ, १० अंशांच्या वर गेले की घट्ट होऊ लागते. वितळवायचे ते रात्रभर फ्रीजमध्ये, बर्फात खोचून. हातात धरून किंवा टेबलावर नाही. टिप्स आणि नळ्याही आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा. एकदा वितळले की लहान वाट्यांत विभागून गोठवा. तीच बाटली पुनःपुन्हा गोठवली-वितळवली की जेल नीट जमत नाही.

थेंब पसरण्याचे पहिले कारण थंड प्लेट. २४ खणांची प्लेट आदल्या रात्रीच ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही : सेंट्रिफ्यूज केल्यावर पेशींच्या गोळीवर उरलेला मीडिया. समजा ८० मायक्रोलिटर जेल घेतले आणि गोळीवर २० मायक्रोलिटर मीडिया राहून गेला. तुमचे १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे जेल ८ वर आले. त्यात पुन्हा प्रत्येक बॅचची प्रथिनाची मात्रा वेगळी. बाटलीवरचा आकडा बघा, मीडिया शेवटी बारीक टिपने काढा, आणि मिश्रणात जेल किमान तीन-चतुर्थांश राहील असे बघा.

सुटून तरंगणारे थेंब बहुधा घाईचे असतात. थेंब ठेवल्यावर २० ते ३० मिनिटे जमू द्या. मगच मीडिया, तोही कोमट. तो खणाच्या कडेने सोडा, थेंबावर नाही. मीडिया दर तीन-चार दिवसांनी बदलताना पंपाची सुई थेंबाजवळ नेऊ नका. तिच्या ओढीने थेंबाची कड उचलली जाते आणि दुसऱ्या दिवशी तो सुटतो.

पेशी तळाला चिकटतात कारण जेल जमेपर्यंत त्या वजनाने खाली जातात. थेंब ठेवून मिनिटभर थांबा, कड धरली की प्लेट झाकणासकट उलटी करून इन्क्युबेटरमध्ये ठेवा. आता पेशी प्लॅस्टिकपासून दूर, थेंबाच्या टोकाकडे जातात. उलटी करताना झटका दिला तर सगळे थेंब एका बाजूला ओघळतात, म्हणून दोन्ही हातांनी, हळू.

काळ्या मधल्या भागाबाबत आधी नीट बघा. गोळा भरीव आहे का पोकळ? ऑक्सिजन ऊतीत १५० ते २०० मायक्रोमीटरच झिरपतो. भरीव गोळा ४०० च्या पुढे गेला की गाभ्यातल्या पेशी गुदमरून मरतात. उपाय म्हणजे लवकर पॅसेज (गोळे मोडून नव्या जेलमध्ये लावणे). पोकळ गोळ्यात दिसणारा काळेपणा बऱ्याचदा आत गळून पडलेल्या मृत पेशींचा असतो. तो पॅसेज करताना धुऊन जातो, त्याने घाबरू नका. श्वासनलिकेचे ऑर्गनॉइड दर दोन आठवड्यांनी मोडायला हवेत. मोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस वाय-२७६३२ हे रसायन १० मायक्रोमोलर द्या. सुट्या पडलेल्या पेशी त्यावाचून मरतात.

लांबट, माशाच्या आकाराच्या पेशी दिसू लागल्या आणि थेंब आक्रसू लागला तर ते फायब्रोब्लास्ट, म्हणजे अस्तराखालच्या जोडऊतीच्या पेशी. पॅसेज करताना मोकळ्या पेशी लवकर ओतून टाका, गोळे तेवढे ठेवा.

आणि सहा महिने अडकला आहात म्हणून एक तपासणी आधी करा : मायकोप्लाझ्मा, पीसीआरने. हा जिवाणू डोळ्यांना दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, फक्त वाढ मंदावतो. आम्हाला येणाऱ्या ‘काहीच जमत नाही’ अशा पत्रांचे उत्तर पुष्कळदा हेच निघते.

प्रश्न : इन्सर्टवर (सच्छिद्र तळाच्या छोट्या वाटीत) श्वासनलिकेच्या पेशी हवेला उघड्या केल्या. दुसऱ्या दिवशी वर पुन्हा मीडिया साचतो. चार आठवडे झाले, सिलिया नाहीत. (संभाजीनगर)

वर मीडिया साचतो म्हणजे अस्तर गळते आहे. एकतर पेशी पूर्ण भरण्याआधी हवेला उघड्या केल्या, किंवा पिपेटच्या टोकाने ओरखडा पडला. विद्युतरोध मोजा. उदाहरणार्थ यंत्र ११०० ओहम दाखवते, रिकाम्या इन्सर्टचे १०० वजा केले, उरले १०००. इन्सर्टचे क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटिमीटर, म्हणून गुणाकार ३३०. इतपत रोध असेल तर अस्तर घट्ट. गुणाकार विसरून थेट यंत्राचा आकडा लिहिलेले अहवाल खूप दिसतात.

सिलिया न येण्याची दोन नेहमीची कारणे : पेशी चार-पाच पॅसेज जुन्या आहेत, किंवा रेटिनॉइक आम्ल उजेडात खराब झाले. ते अंधारात ठेवा, मीडियामध्ये ताजे घाला. आम्ल कमी पडले की पेशी त्वचेसारख्या चपट्या होतात. आठवड्यातून एकदा वरचा श्लेष्मा कोमट बफरने अलगद धुवा.

प्रश्न : आम्ही मेकॅनिकलचे विद्यार्थी. फुफ्फुसाची चिप करायचा प्रकल्प घेतला आहे. चिप होते, पण पेशी दोन दिवसांत मरतात. (सांगली)

चिप बनवताना पीडीएमएसचे (सिलिकॉन रबराचे) मूळ द्रव्य आणि घट्टकारक दहास एक, निर्वात भांड्यात बुडबुडे निघेपर्यंत, मग ६५ अंशांवर किमान चार तास भाजणे, हे तुम्ही करतच असाल. भाजणी कमी पडली तर न जुळलेली द्रव्ये मीडियामध्ये उतरतात आणि पेशींना बाधतात. ही शक्यता आधी तपासा. प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) चिकटवल्यानंतरचा पृष्ठभाग थोडा वेळच पाणी धरतो, नंतर पुन्हा पाण्याला दूर लोटू लागतो. कोलॅजन किंवा फायब्रोनेक्टिनचा लेप त्या दिवशीच चढवा.

पण दोन दिवसांत मरण्याचा पहिला संशयित बुडबुडा आहे. फ्रीजमधला मीडिया इन्क्युबेटरमध्ये तापतो, त्यात विरघळलेली हवा सुटते, बारीक वाहिनीत बुडबुडा अडकतो, आणि पुढे सरकताना पेशींचे अस्तर खरवडून नेतो. मीडिया आधी तासभर ३७ अंशांवर ठेवा, मग निर्वात गाळणीतून काढून त्यातली हवा काढा. नळी जोडताना चिपच्या तोंडावर मीडियाचा फुगीर थेंब आणि नळीच्या टोकाला लोंबता थेंब, असे थेंबाला थेंब लावून जोडा. वाहिनीच्या आधी बुडबुडे अडवणारा कप्पा असावा.

ताण मोजताना पंपाच्या दाबावर विसंबू नका. पडद्याच्या दोन छिद्रांमधले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. स्थिर असताना ४० मायक्रोमीटर आणि ओढल्यावर ४४ आले तर १० टक्के. प्रत्येक चिपला हे करा. पडदा कुठे जाड, कुठे पातळ असतो. पेशी बसल्यावर पहिला दिवस ताण देऊ नका, मग २ टक्क्यांपासून वाढवा.

पुढे औषध तपासायचे असेल तर लक्षात ठेवा, हे रबर तेलात विरघळणारी छोटी रेणूंची औषधे शोषून घेते. पेशींशिवाय कोरी चिप चालवा आणि बाहेर पडणाऱ्या द्रवात औषध किती उरते ते मोजा. नाहीतर ‘औषध निरुपद्रवी’ असा निष्कर्ष निघेल, जेव्हा ते पेशींपर्यंत पोचलेलेच नसेल.

प्रश्न : कोरोनात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रयोगशाळेत चालले असे म्हणत होते. मग रुग्णांत का चालले नाही? (सोलापूर)

ते चालले व्हेरो पेशींत. त्या आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या. तिथे विषाणू पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीतून शिरतो आणि हे औषध ते आम्ल कमी करते. माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशींवर टीएमपीआरएसएस२ नावाचे विकर असते. विषाणू त्याच्या आधाराने पृष्ठभागावरूनच आत येतो, पिशवीची गरज नाही. २०२० मध्ये फुफ्फुसातून आलेल्या कॅलू-३ पेशींत क्लोरोक्विनने विषाणू थांबला नाही, आणि वीस इन्स्टिट्यूटच्या श्वासनलिका चिपवरही हायड्रॉक्सिक्लोरोक्विन निष्प्रभ ठरले. कोणत्या पेशींवर तपासले, हा कोणत्याही बातमीला विचारायचा पहिला प्रश्न आहे.

प्रश्न : आपल्याकडच्या टीबीसाठी याचा काही उपयोग होतो आहे का? (डॉक्टर, धुळे)

होतो आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात विवेक ठक्कर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये उंदराच्या पेशींची चिप करून क्षयाच्या जंतूंची सुरुवातीची वाढ कॅमेऱ्याखाली पाहिली. वायुकोशाच्या टाइप २ पेशी सरफॅक्टंट बनवत होत्या तिथे जंतू आटोक्यात राहिले. ज्या पेशींची ती क्षमता गेली होती तिथे ते बेफाम वाढले. बाहेरून सरफॅक्टंट दिल्यावर वाढ पुन्हा मंदावली. मानवी वायुकोश ऑर्गनॉइडमध्ये असे करताना एक अडचण येते : पेशींची हवेकडची बाजू गोळ्याच्या आत असते, जंतू बाहेर. सूक्ष्म सुईने आत टोचावे लागते, किंवा जेल काढून टाकून, गोळे तरंगते ठेवून बाजू उलटवावी लागते. अर्थात क्षयाच्या जिवंत जंतूंचे काम तिसऱ्या दर्जाच्या जैवसुरक्षा प्रयोगशाळेतच. महाविद्यालयीन पातळीवर हा विषय घेऊ नका.

प्रश्न : भारतात प्राण्यांवरच्या चाचण्या बंद झाल्या का? (पनवेल)

नाही. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सा चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, ऑर्गनॉइड, चिप यांवरची माहितीही ग्राह्य धरण्याचा मार्ग खुला झाला. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये तसा कायदा केला. दोन्हीकडे ही मुभा आहे, प्राण्यांवर बंदी नाही.

प्रश्न : आमच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस (श्लेष्मा घट्ट होऊन फुफ्फुसे बिघडवणारा जनुकीय आजार) आहे. त्याच्याच पेशींवर औषध तपासून बघता येते असे वाचले. कुठे विचारावे? (वाचक, कोल्हापूर)

तुम्ही वाचले ते खरे आहे. नेदरलँड्समध्ये यासाठी गुदाशयाच्या अस्तराचा अगदी छोटा तुकडा घेतात, कारण तो मुलाला फारसा त्रास न देता काढता येतो आणि तिथेही तोच सीएफटीआर क्लोराइड-मार्ग (पेशीतली क्षाराची वाट, या आजारात बिघडते ती) काम करतो. त्यापासून ऑर्गनॉइड वाढवून फॉर्स्कोलिन हे तो मार्ग चालू करणारे रसायन देतात. क्लोराइड-मार्ग चालत असेल तर द्रव आत ओढला जाऊन गोळा तासाभरात फुगतो. बिघडला असेल तर तसाच राहतो. औषध घालून पुन्हा बघतात. फुगला तर त्या मुलाला औषध लागू पडण्याची आशा धरता येते. श्वासनलिकेच्या ऑर्गनॉइडमध्ये फुगण्याचा दुसराही एक मार्ग असल्याने वाचन तितके स्वच्छ येत नाही.

भारतातल्या मुलांसाठी ही चाचणी विशेष मोलाची. युरोपात सर्रास आढळणारा एफ५०८डेल हा बदल आपल्याकडे त्या मानाने कमी दिसतो, दुर्मीळ बदल जास्त, आणि त्यांवर औषध चालते का हे आधी कोणी तपासलेले नसते. पण ही अजून संशोधनाची चाचणी आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणारी नाही.

आत्ता करता येण्याजोगे असे : घामातल्या क्लोराइडचा जुना अहवाल काढून ठेवा; ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त असेल तर निदानाला बळ मिळते. मुलाच्या सीएफटीआर जनुकाचे पूर्ण वाचन झाले आहे का ते बघा. नेहमीच्या काही ठरावीक बदलांची तपासणी पुरेशी नाही. दोन्ही कागद घेऊन तुमच्या बालफुफ्फुसरोगतज्ज्ञांना विचारा की मुलाचे दोन्ही बदल सध्याच्या मॉड्युलेटर (सीएफटीआरचे काम सुधारणाऱ्या) औषधांच्या यादीत आहेत का. असतील तर ऑर्गनॉइडची वाट पाहू नका. नसतील, तर मग संशोधन प्रकल्पात ऊती देण्याबद्दल त्यांच्याशी बोला, आणि संमतिपत्रात मुलाच्या पेशी किती वर्षे ठेवणार व निकाल तुम्हाला कळवणार का, ही दोन वाक्ये शोधून वाचा.